सांडपाण्यातून संसाधनप्राप्ती व तिचा गौरव (बेळगाव–निपाणी सीमाभाग)

सांडपाण्यातून संसाधनप्राप्ती व तिचा गौरव : शहरातून बाहेर पडणाऱ्या मैलापाण्यातून पुन्हा वापरण्याजोगे पाणी, खतद्रव्ये, ज्वलनवायू व सेंद्रिय गाळ मिळवणे, आणि हे काम कल्पकतेने करणाऱ्या संस्थांची मानांकन, पारितोषिक किंवा प्रोत्साहन-निधी देऊन दखल घेणे. प्रस्तुत नोंदीत हा विषय कर्नाटकातील बेळगाव व निपाणी या मराठीभाषक सीमाभागाच्या संदर्भात मांडला आहे. या पट्ट्यात मैलापाण्याचा शेतीला होणारा उपयोग आधुनिक शुद्धीकरण प्रकल्पाहून जुना आहे. गौरवाच्या प्रचलित चौकटी मात्र मुख्यतः प्रकल्पापाशी सुरू होतात आणि प्रकल्पापाशीच संपतात.

नदीखोरे व प्रवाह

सीमाभागातील नद्या राज्याची हद्द ओलांडून वाहतात. वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून निपाणी परिसरात उतरते व दूधगंगेला मिळते; दूधगंगा पुढे कृष्णेत जाते. आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते आणि घटप्रभेला मिळते. बेळगाव शहर मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात आहे. मार्कंडेयेवरील राकसकोप जलाशय आणि घटप्रभेवरील हिडकल धरण हे शहराच्या पाण्याचे दोन मुख्य स्रोत होत. मार्कंडेयही पुढे गोकाक परिसरात घटप्रभेलाच मिळते. कोल्हापूर, इचलकरंजी आणि सांगलीतील सांडपाण्याचा भार पंचगंगा व कृष्णा या नद्यांतून खाली कर्नाटकात येतो. एका राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने मोजलेले पाणी काही किलोमीटरांवर दुसऱ्या मंडळाच्या हद्दीत शिरते. त्यामुळे वरच्या गावाने केलेल्या शुद्धीकरणाचा लाभ बहुधा खालच्या गावाला मिळतो.

पूर्वपीठिका

मैल्याकडे खत व इंधन म्हणून पाहण्याची दृष्टी पश्चिम भारतात नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे नगरपालिका मैल्यात राख मिसळून तयार केलेले सोनखत शेतकऱ्यांना विकत असे आणि उसाच्या मळ्यांतून त्याला मागणी होती. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्याच्या टाक्यांवर वायू साठवण्याची सोय करून त्या वायूवर इंजिन चालवण्यात आले. मैलावायूच्या उपयोगाच्या जगातील आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये शहरी कचरा व मैला यांचे थर खड्ड्यात आलटून पालटून रचून कंपोस्ट करण्याची रीत विकसित केली. ती ‘बंगळूर पद्धत’ म्हणून कृषिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. या जुन्या व्यवस्थांची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. मैला वाहण्याचे काम जातीने बांधलेल्या माणसांच्या डोक्यावर होते. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी बंदी आली. संसाधनप्राप्तीची कोणतीही आधुनिक योजना त्यामुळे यंत्राधारित असणे हे कायद्याचेच बंधन ठरते.

बेळगाव

बेळगाव महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४ लाख ८८ हजार होती. माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी या केंद्रीय निकषाने हिशेब केला, तर त्या लोकसंख्येचे रोजचे सांडपाणी सुमारे ५३ दशलक्ष लिटर (एमएलडी) भरते. शहराचे मैलापाणी वाहून नेणारा मुख्य प्रवाह म्हणजे बळ्ळारी नाला. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर, हलगा या शिवारांशी त्याचा थेट संबंध आहे. हा भाताचा पट्टा असून बेळगावच्या सुवासिक बासमतीचे नाव याच परिसराशी जोडलेले आहे. पावसाळ्यात नाला फुगून भातपिकात शिरतो. साचलेला गाळ, जलपर्णी आणि अतिक्रमणे यांविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे सुरू आहेत. उन्हाळ्यात मात्र त्याच नाल्याचे पाणी पंप लावून भाजीपाल्याला दिले जाते. एकच प्रवाह चार महिने संकट आणि उरलेले महिने पाणीपुरवठा, अशी ही स्थिती आहे.

शहराचा ७० एमएलडी क्षमतेचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प हलगा येथे केंद्र शासनाच्या ‘अमृत’ योजनेतून हाती घेण्यात आला. त्यासाठीच्या भूसंपादनाला स्थानिक शेतकऱ्यांनी दीर्घकाळ विरोध केला. पिकाऊ जमीन देणारे शेतकरी आणि शुद्ध पाण्याचे संभाव्य ग्राहक हे एकाच शिवारातले असल्याने हा प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा राहिला नाही.

पाणीपुरवठ्याच्या बाबतीत बेळगावला नावीन्याची ओळख आधीच लाभली होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव व गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) या शहरांच्या निवडक प्रभागांत अखंड चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला आणि २००८ पासून देशभरच्या नागरी चर्चेत त्याचा दाखला दिला जाऊ लागला. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांतही बेळगावची निवड झाली. नळापर्यंतच्या या कौतुकाला गटारापलीकडच्या कामाची जोड उशिरा मिळाली.

निपाणी

तंबाखूची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध असलेल्या निपाणीची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ६३ हजार होती. वरील निकषानेच तिचे सांडपाणी रोज सात एमएलडीच्या आसपास येते. केंद्र शासनाच्या योजनांत एक लाख लोकसंख्या ही महत्त्वाची रेषा आहे. स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये २०२१ पासून वापरलेल्या पाण्याच्या व्यवस्थापनासाठी एक लाखाखालील शहरांना निधी मिळतो, तर मोठ्या शहरांच्या मलनिस्सारणाची तरतूद ‘अमृत’मध्ये आहे. म्हणून बेळगाव व निपाणी यांचे काम वेगवेगळ्या खात्यांवर पडते.

निपाणीजवळच्या शेतीत पुनर्वापराचे पीक निवडताना तंबाखूचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. पाण्यातील क्लोराइड पानात साठले की तंबाखू नीट जळत नाही आणि प्रत घसरते. घरगुती सांडपाण्यात क्लोराइडचे प्रमाण मूळ पाण्यापेक्षा वाढलेले असते व नेहमीच्या जैविक शुद्धीकरणाने ते कमी होत नाही. ऊस किंवा चारापिके त्यामानाने अधिक सोयीची ठरतात.

परिसरातील साखर कारखान्यांकडून संसाधनप्राप्तीचे तंत्र नगरपालिकांना शिकता येण्यासारखे आहे. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असते. ते बाष्पीभवनानंतर द्रवरूपात परत मिळवून कारखान्यात वापरता येते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशपासून जैववायू आणि रस गाळल्यावर उरणाऱ्या प्रेसमडपासून खत किंवा वायू मिळतो. आसवनींना द्रव सांडपाणी बाहेर न सोडण्याची सक्ती झाल्यावर या प्रक्रियांना वेग आला.

मिळू शकणारी संसाधने

(१) पाणी : उसाला वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटर पाणी लागते असे धरले आणि पावसाचा वाटा वगळला, तर बेळगावचे वरील ५३ एमएलडी पाणी वर्षभरात सुमारे साडेनऊशे हेक्टरांना पुरेल. मात्र जून ते सप्टेंबर या काळात शिवारातच पाणी तुंबलेले असते. साठवण नसेल तर त्या चार महिन्यांतील पुनर्वापर कागदावरच राहतो.

(२) खतद्रव्ये : भारतीय आहारमानानुसार एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला अंदाजे २.७ किलोग्रॅम नायट्रोजन व ०.४ किलोग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. बेळगावच्या २०११ च्या लोकसंख्येला हे प्रमाण लावल्यास सुमारे १,३०० टन नायट्रोजन व १९५ टन फॉस्फरस होतो. हा नायट्रोजन ४५ किलोच्या सुमारे ६३ हजार गोणी युरियाइतका आहे. तो सगळा हाती लागत नाही. नेहमीच्या शुद्धीकरणात बराचसा हवेत जातो. पाणी शेतीलाच द्यायचे असल्यास नायट्रोजन खर्च करून काढून टाकण्यापेक्षा पाण्यातच राखणे किफायतशीर ठरते. फॉस्फरस स्ट्रुवाइट या स्फटिकरूपात वेगळा करता येतो. भारत फॉस्फरसयुक्त खतांसाठी आयातीवर अवलंबून असल्याने त्याचे महत्त्व आहे.

(३) ऊर्जा : सेंद्रिय द्रव्य हवेशिवाय कुजले की मिथेन मिळतो. उष्ण हवामान या प्रक्रियेला अनुकूल असते. ऑस्ट्रियातील श्ट्रास येथील प्रकल्प २००५ पासून स्वतःच्या गरजेहून अधिक वीज निर्माण करतो. अमेरिकेतील ओकलंडच्या पाणी व सांडपाणी संस्थेने अन्न-उद्योगातील टाकाऊ द्रव्य मैलागाळासोबत कुजवून २०१२ मध्ये तोच टप्पा गाठला.

(४) गाळ : वाळवलेला व निर्जंतुक गाळ जमिनीचा पोत सुधारतो. अमेरिकी मानकानुसार निर्बंधाविना वापरायच्या गाळात दर ग्रॅम कोरड्या वजनामागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म १,००० पेक्षा कमी असावे लागतात. कारखान्यांचे धातुयुक्त पाणी गटारात मिसळले की गाळ शेतीच्या कामाचा राहत नाही. उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत असलेल्या बेळगावात उद्योगांचे पाणी वेगळे ठेवणे ही म्हणूनच पहिली अट आहे.

आरोग्याचा प्रश्न

कच्च्या मैलापाण्यावरील शेतीत उत्पन्न व रोगभय हातात हात घालून येतात. हुबळी-धारवाडच्या अशा शेतीवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने उपजीविका व आरोग्य या दोन्ही बाजू नोंदवल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेने केवळ शुद्धीकरणावर न विसंबता अनेक अडथळ्यांची पद्धत सुचवली : शुद्धीकरण, पिकाची निवड, ठिबक, काढणीपूर्वी पाणी बंद ठेवणे, आणि बाजारात व घरी भाजी धुणे. जंतांच्या अंड्यांसाठी लिटरमागे एक अशी मर्यादा तिने सांगितली आहे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना हे विशेष लागू पडते.

गौरवाच्या पद्धती

अमेरिकेत सांडपाणी क्षेत्रातील व्यावसायिक संघटनांनी २०१३ मध्ये ‘भविष्यातील संस्था’ ही संकल्पना मांडली आणि २०१६ पासून तिच्या नावाने वार्षिक मान्यता देणे सुरू केले. पाण्याचा पुनर्वापर, ऊर्जा, खतद्रव्ये, गाळाचा उपयोग, पाणलोटाची राखण आणि लोकसहभाग ही तिची क्षेत्रे आहेत. येथे गौरव संस्थेचा होतो.

भारतात मान बहुधा शहराला मिळतो. स्वच्छ भारत अभियानातील ‘वॉटर प्लस’ प्रमाणपत्रासाठी सांडपाणी शुद्ध केल्यावरच सोडणे व त्यातील काही भाग पुन्हा वापरणे आवश्यक असते. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर हे प्रमाणपत्र मिळवणारे पहिले शहर ठरले. शहरांच्या पाणीसेवांची पाहणी करणाऱ्या पेयजल सर्वेक्षणाचे पुरस्कार ५ मार्च २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते देण्यात आले. ‘अमृत २.०’मधील ‘जल ही अमृत’ उपक्रमात शहराऐवजी शुद्धीकरण केंद्राची कामगिरी तपासून तीन ते पाच ताऱ्यांचे श्रेयांक दिले जातात. ते सहा महिन्यांपुरतेच वैध असून प्रोत्साहन-निधीशी जोडलेले आहेत. एकदा मिळालेला फलक कायम मिरवण्याची सोय त्यात नाही.

कर्नाटकात आणखी एक अडचण आहे. कर्नाटक नागरी पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ प्रकल्प उभारते, कर्नाटक नागरी पायाभूत विकास व वित्त महामंडळ निधीची व्यवस्था पाहते, स्थानिक संस्थेकडे मालकी असते आणि देखभाल बहुधा ठेकेदाराकडे. पारितोषिक नेमके कोणाचे आणि बिघाडाचा जाब कोणाला विचारायचा, हे या वाटणीत धूसर होते.

तुलना

बंगळूरचे दुय्यम शुद्धीकरण झालेले पाणी कोरमंगल-चल्लघट्ट खोरे योजनेतून २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. योजनेची क्षमता ४४० एमएलडी आहे. नागपूरने भांडेवाडी येथील शुद्ध पाणी कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्राला दिले. सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत जाऊ नये म्हणून ते धुळगावला उपसून शुद्ध करायचे व शेतीला द्यायचे, अशी योजना आखली गेली. बेळगावच्या परिस्थितीशी शेरीनाल्याचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे, कारण दोन्हीकडे ग्राहक शेतकरी आहे.

मूल्यमापन

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या नागरी भागात रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होत होते. स्थापित क्षमता ३१,८४१ एमएलडी होती आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण २०,२३६ एमएलडीचे. उभारलेली क्षमता व प्रत्यक्ष काम यांतील हे अंतर पाहता क्षमतेवरून दिलेला मान अपुरा ठरतो. सीमाभागापुरते चार निकष अधिक बोलके ठरतील : उन्हाळी महिन्यांत शेतापर्यंत पोहोचलेले शुद्ध पाणी, त्या पाण्यातील जंतांच्या अंड्यांची नियमित तपासणी, पावसाळ्यात नाल्यामुळे बुडालेल्या भातक्षेत्रातील घट, आणि हद्द ओलांडताना नदीच्या पाण्याची दोन्ही राज्यांनी मिळून केलेली मोजणी. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१७ मध्ये शुद्ध सांडपाण्याच्या पुनर्वापराची धोरणे स्वीकारली. त्यामुळे चौथ्या निकषासाठी नवे धोरण आखावे लागणार नाही. दोन मंडळांनी एकाच ठिकाणचा, एकाच दिवसाचा नमुना तपासून त्याचे आकडे एकत्र प्रसिद्ध करणे पुरेसे आहे.