घडियालीपासून क्रॉनटॅबपर्यंत

गोंदियातल्या आमच्या मोहल्ल्यात सहरीसाठी लोकांना उठवायचं काम काही वर्षांपूर्वी मी अंगावर घेतलं. आधी दोन-तीन जण दारं ठोठावत, आवाज देत फिरायचे. मी म्हटलं, आता घरोघरी मोबाइल आहेत, भाड्याच्या सर्व्हरवरून पहाटे चारला आपोआप फोन वाजतील. पहिल्या दिवशी दारंही ठोठावली गेली, म्हणून कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे माझ्या भरवशावर झोपले आणि फोन वाजले सकाळी साडेनऊला.

शेजारचे चाचा राइस मिलमध्ये हमाली करतात. त्यांनी रोजा सोडला नाही. संध्याकाळी इफ्तारला भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "बेटा, तुझा फोन आला होता. मी तेव्हा पोतं उचलत होतो." उन्हाळ्याचे दिवस, पोटात रात्रीपासून अन्न नाही आणि पाठीवर धानाचं पोतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

रात्री मी सर्व्हरवर लॉगिन केलं. ठरलेल्या वेळी कामं करवून घेणाऱ्या त्या जुन्या प्रोग्रॅमचं नाव क्रॉन आणि त्याला कामांची यादी देणारी कमांड म्हणजे क्रॉनटॅब. 'क्रॉनटॅब -एल' लिहिलं की यादी समोर येते. प्रत्येक ओळीत वेळेचे पाच खाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. माझ्या ओळीत पहिल्या खान्यात शून्य, दुसऱ्यात चार आणि पुढच्या तिन्हींत चांदण्या होत्या. चांदणीचा अर्थ 'कुठलाही'. म्हणजे रोज चार वाजता. ओळ बरोबर होती. मग 'डेट' ही कमांड दिली, तेव्हा उलगडा झाला. सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे होतं. मशीनने हुकूम पाळला होता. चार कुठले, हे मी सांगितलंच नव्हतं.

ही चूक माझ्यापुरती नवी असली तरी हा प्रश्न फार जुना आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या घडियालींचं वर्णन केलं आहे. मोठ्या शहरांत पितळेची जाड थाळी उंच टांगलेली असे. भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडायची; ती भरली की एक घडी, म्हणजे २४ मिनिटं झाली. पहिल्या घडीला एक टोला, दुसरीला दोन, असं प्रहर संपेपर्यंत. आपल्या लग्नांतलं घटिकापात्र त्याच जातीचं. पण कितवा प्रहर, हे फक्त प्रहर संपताना वाजवत. मध्यरात्री जागा झालेला माणूस तीन टोले ऐकायचा, पण ते दुसऱ्या प्रहरातले की तिसऱ्या, हे त्याला कळायचं नाही. बाबराने हुकूम काढला की रात्री आणि ढगाळ दिवशी घडीच्या टोल्यांनंतर प्रहराची खूणही वाजवावी. नुसता आकडा पुरत नाही, तो कशातला हेही सांगावं लागतं. माझ्या ओळीत नेमकी तीच खूण राहिली होती.

पुढे रेल्वे आली. बंगाल नागपूर रेल्वेने १८८७ नंतर नागपूर-छत्तीसगडची मीटरगेज लाईन ब्रॉडगेज केली, ती आपल्या गोंदियावरून जाते. त्या काळी रेल्वेचं वेळापत्रक मद्रासच्या वेळेवर चाले. गंमत अशी की गोंदिया आणि मद्रास जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. गोंदियाच्या सूर्याचे बारा आणि रेल्वेचे बारा यांत मिनिटाचाही फरक नव्हता. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची भारतीय प्रमाणवेळ आली आणि आपलं घड्याळ सूर्याच्या नऊ मिनिटं पुढे गेलं. मुंबईत हा फरक ३९ मिनिटांचा. तिथल्या गिरणी कामगारांनी त्याच महिन्यात विरोध केला, कारण काळोखात भोंग्यावर हजर व्हायचं होतं त्यांनाच. मुंबईची स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली. वेळ ठरवणारा एक आणि त्या वेळेला उठणारा दुसरा, हे तेव्हापासूनचं आहे.

क्रॉनही असाच हुकमाचा ताबेदार. बेल लॅब्जच्या १९७९ च्या सातव्या युनिक्समध्ये तो होता: दर मिनिटाला जागा व्हायचा, यादी वाचायचा, काही करायचं असेल तर करायचा आणि पुन्हा झोपायचा. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनचे वारस आजही असंख्य लिनक्स सर्व्हरवर चालतात. त्या सर्व्हरला भारताची वेळ सांगायची तर 'एशिया/कोलकाता' हा विभाग निवडावा लागतो. त्या नावामागच्या नोंदींत कलकत्त्याची स्थानिक वेळ आहे, मद्रासची आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ घड्याळं तासभर पुढे ढकलली होती, तेही आहे. मी विभाग बदलला आणि क्रॉन पुन्हा सुरू केला. नाहीतर चालू असलेला क्रॉन जुनीच वेळ धरून बसतो.

तरी एक गोष्ट उरतेच. क्रॉनच्या पाच खान्यांत चंद्राला जागा नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सहरीची वेळही रोज बदलते. मशिदीत वेळ काढण्यासाठी पूर्वी मुवक्कित नेमलेला असे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत हे काम करणारा इब्न अल-शातिर मोठा खगोलशास्त्रज्ञ होता. क्रॉन हे गणित करत नाही. म्हणून आता तो मध्यरात्री एक छोटा प्रोग्रॅम चालवतो, तो त्या दिवसाची वेळ तक्त्यातून काढतो आणि फोन त्या वेळेला लागतात. रमजान सुरू झाला का, हे मात्र चंद्र दिसल्याची बातमी आल्यावर मीच हाताने लिहितो.

आणखी एक बदल केला. सगळ्यांच्या दहा मिनिटं आधी पहिला फोन माझ्याकडे येतो. आला नाही तर उठून दारं ठोठावायची जबाबदारी माझी, म्हणून मी वेगळा गजरही लावतो. सर्वांत आधी चाचांचं दार.