डिक्सिलँड : नाव कोणाचे, वाद्य कोणाचे?

आपल्या भोरच्या वरातीत सनईचा ताफा असला म्हणजे एक सनई चाल वाजवते आणि दुसरी नुसता सूर धरून राहते. आता अशी कल्पना करा की, तीन वादक एकाच वेळी तीच चाल आपापल्या परीने फिरवीत आहेत आणि तरीही गलका होत नाही. 'डिक्सिलँड' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आरंभीच्या जॅझची खूण हीच. कॉर्नेट चाल सांगतो, क्लॅरिनेट तिच्यावरून चपळाईने धावतो, ट्रॉम्बोन खालून हुंकार भरतो. आणि त्यातले पुष्कळसे जागच्या जागी सुचलेले असते.

ही कला अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराची. तेथल्या काँगो चौकात गुलामांना रविवारी जमून नाचण्यावाजवण्याची मुभा असे. पुढे यादवी युद्धानंतर त्यांच्या वंशजांनी पितळी वाद्यांचे बँड उभे केले. प्रेतयात्रेबरोबर जाताना संथ आणि दफन उरकून परतताना उडत्या चाली वाजवायच्या, हा तेथला रिवाज. १९०० च्या सुमारास बडी बोल्डेन ह्या निग्रो कॉर्नेटवादकाची शहरभर कीर्ती होती. परंतु त्याची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. पहिली जॅझ ध्वनिमुद्रिका निघाली १९१७ साली, आणि ती 'ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड' ह्या पाच गोऱ्या वादकांची! किंग ऑलिव्हर आणि त्याचा तरुण साथीदार लुई आर्मस्ट्राँग ह्यांच्या तबकड्या १९२३ मध्ये आल्या. 'ओरिजिनल' म्हणजे मूळचे. मूळ कर्ते मात्र दुसरेच. शिवाय 'डिक्सी' हे गुलामगिरीच्या दक्षिणेचे लाडके नाव. गुलामांच्या नातवंडांना ते रुचले नाही, ह्यात नवल ते काय?

हे वारे मुंबईपर्यंत आले. १९३५ साली लिओन ॲबीचा निग्रो वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. तोवर मूळ शैली पुष्कळ बदलली होती. पण ती उचलायला गोव्याचे वादक तयार होते. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांनी लहानपणीच गिरवलेली. त्यांतले आल्डोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक 'चिक चॉकलेट', आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. पाटीवर मोठे नाव संगीत दिग्दर्शकाचे. साथीच्या ओळी लिहिणारे आणि वाजवणारे गोवेकर रसिकांना अनोळखीच राहिले. न्यू ऑर्लिन्सची गोष्ट थोड्या सौम्य रूपात इथेही घडली, असे मला वाटते.

'अलबेला' (१९५१) मध्ये मात्र चिक स्वतः पडद्यावर आहेत. पुन्हा तो चित्रपट लागला, तर भगवानदादांच्या पावलांवरून नजर जरा हलवा आणि मागच्या ट्रम्पेटवाल्याकडे पाहा.