जुळ्या बाळांतील क्लबफूट

क्लबफूट म्हणजे बाळाचे पाऊल जन्मतःच आत व खाली वळलेले असणे. दर हजार जन्मांमागे साधारणतः एका बाळात हा दोष आढळतो. मुलांमध्ये त्याचे प्रमाण मुलींच्या सुमारे दुप्पट असून जवळपास निम्म्या बाळांत दोन्ही पावले वाकडी असतात. जुळ्यांपैकी एकालाच हा दोष असल्यास उपचार तेच राहतात. संगोपन मात्र बरेच बदलते.

कारणे

गर्भाशयात जागा अपुरी पडल्याने पाऊल वाकते, असे पूर्वी मानले जाई. जर्मनीतील इडेलबर्गर यांच्या १९३९ मधील अभ्यासानुसार, एकाला दोष असता दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत सुमारे ३३ टक्के, तर द्विबीज जुळ्यांत सुमारे ३ टक्के आढळले. गर्भाशय दोघांनाही सामाईकच असल्याने हा फरक आनुवंशिकतेकडे निर्देश करतो. तथापि तेच एकमेव कारण असते, तर एकबीज जुळ्यांत दोष नेहमी दोघांनाही झाला असता. ग्रहणाशी त्याचा संबंध नाही.

उपचार

आयोवा विद्यापीठातील इग्नासियो पोन्सेटी (१९१४–२००९) यांची पद्धत आज जगभर वापरली जाते. दर आठवड्याला पाऊल हळुवार वळवून बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालतात. बहुधा पाच ते सात प्लास्टरे लागतात. बहुतेक बाळांत शेवटी टाचेमागील कंडरा छोट्याशा छेदाने मोकळी करून तीन आठवड्यांचे प्लास्टर घातले जाते. जुळी बाळे अनेकदा अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची असतात. अशा वेळी प्रकृती स्थिरावेपर्यंत थांबल्याने नुकसान होत नाही.

घरातील संगोपन

प्लास्टर भिजू द्यायचे नसल्याने एका बाळाला तेल-मालीश व न्हाऊ, तर दुसऱ्याला केवळ अंग पुसणे, असा भेद अटळ ठरतो. प्लास्टरबाहेरची बोटे रोज पाहावीत. बोट दाबून सोडल्यावर पांढरे झालेले पुन्हा चटकन गुलाबी व्हावे. बोटे निळी पडली, सुजली किंवा प्लास्टरच्या आत सरकू लागली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दोघांना एकाच पाळण्यात निजवू नये. कडक प्लास्टर भावंडाला लागू शकते. पाजताना प्लास्टरच्या पायाखाली उशी द्यावी. लसीची सुई मांडीत देतात, म्हणून प्लास्टरची कल्पना आधीच द्यावी. साप्ताहिक खेपेला निरोगी बाळ घरी ठेवायचे तर काढून ठेवलेले दूध व विश्वासाचे माणूस दोन्ही हवीत. घरातील आजी वा मावशीचे मोल येथे औषधाहून कमी नसते.

ब्रेस

खरी कसोटी प्लास्टर सुटल्यावर लागते. दांडीने जोडलेले बूट, म्हणजेच ब्रेस, पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि पुढे सुमारे चार वर्षांच्या वयापर्यंत झोपेत घालावे लागतात. दोष एकाच पायाला असला तरी बूट दोन्ही पायांत असतात. वाकडे पाऊल ६० ते ७० अंश, तर निरोगी पाऊल ३० ते ४० अंश बाहेर वळवलेले ठेवतात. पाऊल सरळ दिसू लागते, शेजारी भावंड मोकळे पाय झाडीत असते, आणि 'आजची रात्र राहू दे' असे वाटते. ब्रेस असा सुटणे हेच पाऊल पुन्हा वाकण्याचे सर्वांत मोठे कारण आहे आणि तसे झाल्यास प्लास्टरे नव्याने सुरू करावी लागतात. ब्रेसचे बाळ भावंडापेक्षा काहीसे उशिरा चालू लागले, तरी केवळ त्यावरून चिंता करू नये. जुळ्यांच्या घरी ही तुलना रोज होते व बहुधा पाहुणेच ती करतात.

महाराष्ट्रातील सोय

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्यात तपासल्या जाणाऱ्या जन्मजात दोषांत क्लबफूटचा समावेश आहे. आशा कार्यकर्ती घरभेटीत नवजात बाळे पाहते. जुळ्यांच्या घरी तिला दोन्ही बाळांचे पाय उघडे करून दाखवावेत.