मातीचा गोळा ते माग : सोलापुरातील शस्त्रक्रियोत्तर उपचारांचा इतिहास

शस्त्रक्रियेने हाड सांधले, सांधा बदलला किंवा तुटलेला स्नायुबंध जोडला, तरी त्या अवयवाला पुन्हा कामाला लावण्याचे शास्त्र वेगळे आहे. मराठीत त्याला भौतिकोपचार म्हणतात. बोलण्यात मात्र फिजिओथेरपी हाच शब्द रुळला आहे. औषधाऐवजी हालचाल, उष्णता, शीतलता, भार आणि सराव या साधनांनी अवयवाचे कार्य परत मिळवणे, अशी या उपचाराची साधी व्याख्या करता येईल. सोलापूरसारख्या शहरात, जिथे १८७७ साली सुरू झालेल्या ‘जुन्या गिरणी’पासून आजच्या यंत्रमागांपर्यंत आणि विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या बोटांपर्यंत बहुसंख्य कुटुंबांची रोजी हातापायांवर अवलंबून राहिली, तिथे या शास्त्राचा इतिहास केवळ वैद्यकाचा राहत नाही. अंगमेहनतीची इथे कधीच वाण नव्हती. वाण होती ती मोजून केलेल्या हालचालीची, आणि ती करायला लागणाऱ्या सवडीची. श्रम आणि व्यायाम यांतला हा भेद शहराला कसा उमगत गेला, आणि त्यात थंडीच्या महिन्यांचा काय वाटा होता, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

मोजक्या हालचालीची कल्पना भारतीय वैद्यकात जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सा, म्हणजे मोडलेल्या हाडांवरचे उपचार, सविस्तर आले असून त्यात बांबूच्या आणि झाडांच्या सालींच्या पट्ट्यांनी अवयव स्थिर ठेवण्याची रीत सांगितली आहे, आणि पट्टी किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी हे ऋतूवर ठरवले आहे : थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी. तळहाताचे हाड मोडले असता ते जुळून आल्यावर रोग्याने आधी मातीचा गोळा धरावा आणि हातात बळ येत गेले की शेवटी दगड धरावा, असाही क्रम तिथे आहे. भार पायरीपायरीने वाढवत नेण्याचे आजच्या भौतिकोपचारातले तत्त्व याहून फार वेगळे नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात थंडीत आणि वसंतात बलवान माणसानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असे सांगितले आहे. थंडीचा काळ शरीराला बळ देणारा मानला गेला, पण त्या बळालाही मर्यादा घातली गेली, ही यातली लक्षणीय बाब होय.

ग्रंथातले हे ज्ञान लोकांपर्यंत ग्रंथातून आले नाही. ते घर, तालीम आणि हाडवैद्य या तीन ठिकाणी जगले. घरात त्याचा सर्वांत नियमित प्रयोग बाळंतिणीवर होई : तेलाने अंग चोळणे, कढत पाण्याने न्हाऊ घालणे, शेगडीचा शेक देणे आणि मग हळूहळू कामाला लावणे, हा एका अर्थी शरीर पूर्वपदावर आणण्याचा आखीव कार्यक्रमच होता. तालमीत वस्ताद मुरगळलेला खांदा किंवा उतरलेली पाठ तेल-मालिशीने मोकळी करी. हाडवैद्य हाड बसवून पट्ट्या बांधी आणि पट्ट्या सुटल्यावर सांधा चोळून देई. थंडी पडली की गरम वाळूची पुरचुंडी, फडक्यात गुंडाळलेली वीट, निर्गुडीचा किंवा एरंडाचा तापवलेला पाला यांचा शेक घरोघरी चाले, आणि स्नायू सैल करण्याचे त्याचे काम खरेही होते. मात्र या परंपरेत मोजमापाचा भाग निसटला, की अपाय होत असे. कोपराच्या मोडीनंतर सांधा जोराने चोळला तर भोवतालच्या स्नायूत नवे हाड धरते आणि कोपर कायमचे अखडते. पट्टी अतिघट्ट बांधली तर रक्तपुरवठा तुटून बोटे आत वळतात. हालचाल हवी, पण केव्हा, किती आणि कोणत्या दिशेने, या प्रश्नांची उत्तरे अनुभवावर सोडलेली होती.

पाश्चात्त्य शल्यशास्त्राकडेही ही उत्तरे फार काळ नव्हती. एकोणिसाव्या शतकात इंग्रज शल्यचिकित्सकांनी विश्रांती हाच मुख्य उपचार मानला. मोडलेल्या मांडीच्या रोग्याला पायाला वजन टांगून आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवीत आणि हाड जुळेपर्यंत गुडघा आखडून जाई. बाह्य पट्ट्यांऐवजी हाडाच्या पोकळीतच धातूची सळई बसवण्याची पद्धत १९४० च्या सुमारास जर्मनीत पुढे आली आणि रोग्याला लवकर उभे करणे शक्य झाले. १९५८ साली स्वित्झर्लंडमधील शल्यचिकित्सकांच्या एका गटाने हाड पक्के बसवून सांधा लगेच हलवू लागणे हे आपल्या मूलतत्त्वांपैकी एक मानले. विश्रांतीकडून हालचालीकडे झालेल्या या प्रवासाने शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे हा केवळ वाट पाहण्याचा काळ उरला नाही. तो उपचाराचाच भाग बनला, आणि त्या भागासाठी स्वतंत्र जाणकाराची गरज निर्माण झाली.

महाराष्ट्रात असे जाणकार घडवण्याची निकड दोन महायुद्धांनी आणि पोलिओने आणली. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांना नवा धंदा शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले आणि पुढे ते पुण्याजवळ खडकीला गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. मुलीला पोलिओ झाल्यामुळे या प्रश्नाकडे वळलेल्या फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाचे काम सुरू केले. १९५० साली केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी भारतातील पहिली व्यवसायोपचार शाळा काढली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकर घराण्यात आलेल्या या बाईंनी ही विद्या इथे रुजवली. १९५२ साली त्याच रुग्णालयात केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने देशातील पहिली भौतिकोपचार शाळा उघडली, आणि १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था सुरू झाली. सोलापूरशी या परिसराचा एक धागा आधीच जुळलेला होता. १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस केईएम रुग्णालयाला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातच शिकले, १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथल्या उत्तरेकडील डोंगराळ भागात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, ऐन हिवाळ्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या पिढीच्या शल्यचिकित्सकांना रोग्याचा जीव आणि अवयव वाचवता येत होता. वाचलेला अवयव कामाला लावणारी शाळा त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी त्यांच्याच महाविद्यालयाच्या आवारात निघाली.

व्यवसायोपचार, म्हणजे एखादे हस्तकाम करवून घेऊन त्यातून अवयवाला चालना देणे. या शास्त्राच्या आरंभकाळात त्याचे एक आवडते साधन हातमाग हे होते, कारण माग चालवताना खांदा, कोपर, मनगट, गुडघा आणि घोटा या सर्वांना ठरावीक गतीने काम मिळते, आणि पायाखालच्या पट्टीचा जोर कमीजास्त करता येतो. सोलापूरच्या दृष्टीने यात एक विलक्षण विसंगती होती. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथे खड्डामाग रुजवला, ज्यात विणकर जमिनीलगत बसून पाय खड्ड्यात सोडतो, पायांनी पट्ट्या दाबतो आणि हाताने धोटा फेकतो. पुढे यंत्रमाग आले, तसा कामगार बसण्याऐवजी तासन्‌तास उभा राहू लागला. विडी वळणारी स्त्री मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून, तेंदूच्या पानात तंबाखू भरत दिवसभर एका बैठकीत असते. रुग्णालयात जो माग अर्धा तास, वैद्याच्या नजरेखाली, औषध म्हणून दिला जाई, तोच इथे दहा-बारा तास रोजीसाठी चालवला जाई आणि दुखण्याचे कारण ठरे. यंत्र एकच असूनही त्याचे औषध होणे किंवा आजार होणे हे केवळ मात्रेवर अवलंबून होते.

ही मात्रा सांभाळायची तर कामगाराला काम थांबवता आले पाहिजे, आणि इथे वैद्यकाच्या इतिहासात कायद्याचा इतिहास मिसळतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने इजा झालेल्या अवयवाची किंमत कमाईच्या शक्तीच्या टक्क्यांत ठरवली. आजच्या तक्त्यात अंगठा गमावणे म्हणजे ३० टक्के कमाईची शक्ती गमावणे होय. या कायद्याचा भर गेलेल्या अवयवाचा मोबदला देण्यावर होता. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने उपचार आणि आजारपणातली मजुरी या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या : आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते, आणि सोलापुरात या योजनेचे स्वतंत्र रुग्णालयही आहे. परंतु विमा कायदा साधारणतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू असल्याने घराच्या पडवीत चार माग लावणारा आणि त्याच्याकडे राबणारा हे दोघेही त्याच्या बाहेर राहिले. घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांना १९७६ च्या कल्याण निधी कायद्याखाली दवाखाने मिळाले, मात्र शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिने हात बाजूला ठेवण्याइतका आधार मिळाला नाही. दरम्यान १९६३ साली सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले, जे आज डॉ. वैशंपायन यांच्या नावाने ओळखले जाते, आणि सहकारी तत्त्वावरची रुग्णालयेही उभी राहिली. अस्थिशल्यचिकित्सेसाठी पुणे-मुंबई गाठण्याची सक्ती त्यामुळे कमी झाली.

थंडीचे महिने या साऱ्या चित्रात कसे येतात, हे सोलापूरच्या हवामानावरून ध्यानात येते. चाळीस अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा आणि कोरडा हिवाळा अशी इथली तऱ्हा असून, डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा तिशीच्या आसपास आणि पहाटे पंधरा अंशांच्या जवळ असतो. घाम कमी, म्हणून पट्टी कोरडी राहते आणि व्यायाम सोसवतो. पण पहाटेच्या गारठ्यात त्वचेकडचा रक्तप्रवाह कमी होतो, स्नायू आवळतात आणि शस्त्रक्रिया झालेला सांधा सकाळी जड वाटतो. म्हणून या दिवसांत व्यायाम ऊन वर आल्यावर, अंग गरम करून करायला सांगतात. इथे परंपरा आणि नवे शास्त्र यांची गाठ पडते. पहिल्या काही दिवसांत सूज उतरवण्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञ बर्फ लावायला सांगतात, आणि ऐन पौषात गुडघ्यावर बर्फ ठेवणे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विपरीत वाटते. उलट ताज्या जखमेभोवती दिलेला विटेचा शेक सूज वाढवतो, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर छेदाच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर झालेली असल्याने चटका बसलेला कळतही नाही. सूज ओसरल्यावर मात्र ऊब उपयोगी पडते. शेकाचे ज्ञान त्यामुळे रद्द ठरले नाही; त्याला वेळापत्रक मिळाले. साधनेही घरचीच राहिली : टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ करणे आणि तळव्याला चादरीचा फास घालून पाय ओढून घेणे हे नेहमीचे व्यायाम असून, चादर आणि टॉवेल ही तर या शहराची भौगोलिक मानांकन मिळालेली उत्पादने होत.

याच ऋतूत, मकरसंक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते आणि सात उंच नंदीध्वज पेलून मिरवले जातात. ते पेलणारे मानकरी आणि भक्त यात्रेआधी सराव करतात, कारण उभा, डोलणारा भार कमरेवर आणि खांद्यावर तोलणे एका दिवसात साधत नाही. भार पेलण्याआधी शरीर तयार करावे लागते, हे शहराला आपल्या उत्सवातून ठाऊक होते; दुखण्यानंतरही तेच करावे लागते, हे मात्र उशिरा रुजले.

सांधेरोपणाने हा प्रश्न अधिक टोकदार झाला. २०१७ साली केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरातल्या प्रकाराची कमाल किंमत करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी, जुलै २०१२ मध्ये, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत सोलापूर होते. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. या योजनेत सुमारे ९७० उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा सेवाही धरल्या होत्या, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या काळाची दखल शासनाच्या यादीत आली. तरीही बरे होणे म्हणजे काय, याचे उत्तर प्रत्येक व्यवसायाचे निराळे राहते. कृत्रिम गुडघ्याने चालता येते, जिना चढता येतो. परंतु मांडी घालून किंवा उकिडवे बसणे बहुधा वर्ज्य सांगितले जाते, आणि विडी वळणारीला नेमके तेच हवे असते. तिच्या बाबतीत उपचार केवळ सांध्याचा राहत नाही. खुर्ची, उंच पाट आणि कामाची बैठक बदलण्यापर्यंत तो जातो.

सुश्रुताच्या क्रमात मातीच्या गोळ्यापासून दगडापर्यंत हात आपल्या गतीने पोचतो, आणि मधल्या दिवसांचा जमाखर्च ग्रंथकाराला मांडावा लागलेला नाही. सोलापुरात दगडाच्या जागी माग आहे. शस्त्रक्रियेचा खर्च उचलणाऱ्या योजना इथे पोचल्या, हालचालीची मात्रा सांगणारे जाणकारही घडले. मात्र मातीच्या गोळ्यापासून मागापर्यंतचे जे आठवडे मजुरीशिवाय काढायचे असतात, त्यांचा भार छोट्या मागवाल्याच्या आणि घरी विड्या वळणारीच्या बाबतीत अजून मुख्यतः कुटुंबावरच पडतो, आणि अवयव किती बरा झाला हे पुष्कळदा त्या आठवड्यांच्या संख्येवर ठरते.