गोठलेले दव, बर्फाळ रस्ते आणि मोटारींची काळजी

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पहाटे मोटारींच्या टपावर, नौकाविहाराच्या धक्क्यावर आणि गवतावर पांढरा थर दिसतो. ‘महाबळेश्वरात बर्फ पडला’ अशी चर्चा त्यानंतर होते. प्रत्यक्षात तो हिमवर्षाव नसतो, तर गोठलेल्या दवाचे हिमकण असतात. महाराष्ट्रातील वाहनचालकाचा गोठलेल्या मोटारीशी येणारा संबंध बहुधा एवढाच. मात्र हिमाचल प्रदेश, काश्मीर व लडाखला स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्या मराठी पर्यटकांना, तसेच उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांना याच्या कितीतरी उग्र रूपाला तोंड द्यावे लागते.

दव का गोठते?

निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि मंद वारा असलेल्या रात्री जमीन आपली उष्णता वेगाने बाहेर टाकते. धातूचा पातळ पत्रा व गवताची पाती सभोवतालच्या हवेपेक्षाही अधिक थंड होतात. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून वाहत सखल भागात साचते. त्यामुळे वेधशाळेत हवेचे किमान तापमान शून्याच्या बरेच वर नोंदले गेले, तरी तलावाकाठच्या मोटारीच्या टपाचे तापमान गोठणबिंदूखाली जाऊ शकते. लिंगमळा व वेण्णा परिसरातील स्ट्रॉबेरीच्या फुलांना आणि कोवळ्या फळांनाही याच कारणाने इजा पोहोचते. दक्षिणेत म्हैसूर, एच. डी. कोटे या भागात हिवाळा सौम्य असतो. पण तेथून काही तासांच्या अंतरावरील, सुमारे २,२४० मीटर उंचीच्या उदगमंडलम येथे दव गोठण्याचा प्रकार नित्याचा आहे.

बर्फाचे वादळ ही याहून वेगळी आपत्ती होय. त्यात गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवरूप राहिलेले पावसाचे थेंब रस्ते, झाडे व वीजतारांवर पडताच गोठतात आणि पारदर्शक, जड कवच तयार होते. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या पूर्व भागात व अमेरिकेच्या ईशान्य भागात आलेल्या अशा वादळाने लाखो लोकांची वीज खंडित झाली. डिसेंबर २०१३ मध्ये टोरांटो शहरानेही असाच अनुभव घेतला.

गोठलेली काच व इंजिन

समोरच्या काचेवर उकळते किंवा गरम पाणी कधीही ओतू नये. तापमानातील एकाएकी झालेल्या बदलामुळे काच तडकते. मोटार मोकळ्या जागेत सुरू करून उष्ण हवेचा झोत काचेकडे वळवावा आणि सैल झालेला थर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा. चिकटलेले वायपर चालू केल्यास त्यांचे रबर फाटते किंवा मोटर जळते. आदल्या रात्री काचेवर जाड कापड वा पुठ्ठा टाकल्यास बरेच श्रम वाचतात. पाहण्यापुरती जागा पुसून वाहन हाकणे धोक्याचे आहे. सर्व काचा व दिवे स्वच्छ करावेत.

उष्ण प्रदेशात रेडिएटरमध्ये साधे पाणी भरण्याची सवय अनेकांना असते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि इंजिनाला तडा जाऊ शकतो. म्हणून थंड प्रदेशात जाण्यापूर्वी योग्य प्रमाणात कूलंट भरून घ्यावे. इथिलीन ग्लायकॉल व पाणी यांचे समप्रमाण मिश्रण उणे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. थंडीत बॅटरीची क्षमता घटते. जुनी बॅटरी प्रवासापूर्वी तपासावी. साध्या डिझेलमध्ये मेणासारखे कण तयार होऊन इंधनाचा मार्ग अडतो. यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखकरिता उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले. रात्री वाहन सपाट जागी गिअरमध्ये उभे करून चाकांना अडसर लावावा. ओढून ठेवलेला हॅन्डब्रेक गोठून अडकण्याची शक्यता असते.

रस्त्यावर

सावलीतील वळणे आणि पूल यांवर बर्फाचा पातळ, जवळजवळ अदृश्य थर असतो. तेथे वाहन थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या दहापटपर्यंत अंतर लागू शकते. वेग कमी, गिअर खालचा आणि ब्रेकचा वापर हलका ठेवावा. आवश्यक तेथे चाकांना साखळ्या लावाव्यात. डिसेंबर २०२४ मध्ये मनालीजवळ सोलंग ते अटल बोगदा या मार्गावर बर्फवृष्टीमुळे शेकडो वाहने अडकली आणि पोलिसांना पर्यटकांची सुटका करावी लागली. पोलिसांनी मार्ग बंद केल्यास पुढे जाण्याचा आग्रह धरू नये.

अडकल्यास

पाकिस्तानातील मरी येथे जानेवारी २०२२ मध्ये बर्फात अडकलेल्या मोटारींतील किमान २२ जणांचा मृत्यू झाला. कडाक्याच्या थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइड वायूनेही काहींचा बळी घेतल्याचा संशय व्यक्त झाला. धुराचे नळकांडे बर्फाने बुजल्यास हा रंगहीन, गंधहीन वायू मोटारीत साचतो. त्यामुळे नळकांड्याभोवतीचा बर्फ वारंवार काढावा, इंजिन तासाला सुमारे १० मिनिटेच चालू ठेवावे आणि त्या वेळी एक काच किंचित उघडी ठेवावी. डोकेदुखी, मळमळ वा गुंगी जाणवल्यास तत्काळ इंजिन बंद करून मोकळी हवा घ्यावी. बंद गॅरेजमध्येही इंजिन चालू ठेवू नये. हिमवादळात वाहन सोडून पायी निघण्याऐवजी आतच थांबावे, ११२ क्रमांकावर मदत मागावी आणि वाहन दुरून दिसेल असे रंगीत कापड बांधावे. घोंगडी, पाणी, सुका खाऊ, विजेरी, फावडे व भरलेली इंधनटाकी एवढी तयारी निघण्यापूर्वीच असावी.