घरगल्लीपासून डक्टपर्यंत: इमारतीचा जुना डक्ट साफ करावा का?

पावसाळा संपला की माहीम-दादरकडच्या जुन्या सोसायट्यांच्या सभेत एक विषय हमखास निघतो. डक्ट साफ करून घ्यायचा का? एक जण म्हणतो, सगळ्यांचा खोकला तिथूनच येतो. दुसरा म्हणतो, इतकी वर्षं काही झालं नाही, उगाच खर्च कशाला? दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. ते का, हे कळायला आपल्या शहराच्या इतिहासात डोकवावं लागेल.

आधी शब्दाचा घोळ दूर करू. अमेरिकेत डक्ट म्हणजे घरभर गरम किंवा थंड हवा फिरवणाऱ्या पत्र्याच्या नळ्या. मुंबईत डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली ती उभी अरुंद पोकळी, जिच्यात बाथरूम-संडासाच्या खिडक्या उघडतात, पाइप उतरतात आणि कबुतरं संसार थाटतात.

घरगल्ली आणि प्लेग

या डक्टची आजी म्हणजे जुन्या मुंबईतली घरगल्ली. दोन घरांच्या पाठींमधला हा चिंचोळा बोळ. टोपलीच्या संडासातला मैला उचलायला सफाई कामगार इथूनच येत. खोल्यांना हवा इथूनच, सांडपाणीही इथेच.

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचं निदान केलं. रोग दूषित हवेतून पसरतो, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. त्यामुळे गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडलं गेलं, भिंतींना चुना फासला गेला, उजेड-वारा यावा म्हणून छपराची कौलं काढली गेली. एवढी सफाई होऊनही प्लेग हटला नाही.

कारण गुन्हेगार हवा नव्हतीच. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं. पुढे परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, 1905 नंतर त्याची कसून तपासणी झाली. पिसवा असलेल्या खोल्यांमध्ये गिनीपिगचे पिंजरे ठेवले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यांतल्या प्राण्यांना प्लेग झाला. पिसवेची उडी पोहोचणार नाही इतके, दोनेक फूट उंच टांगलेले मात्र वाचले. सगळ्यांची हवा एकच होती!

यातून घ्यायचा धडा असा: कशामुळे त्रास होतोय हे न शोधता केलेली सफाई दिसते मोठी, पण रोग जागच्या जागीच राहतो.

हवेचा हिशोब

तरी हवेचा आग्रह फुकट गेला नाही. 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. बीआयटी चाळी याच ट्रस्टच्या. क्षयरोग कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत फोफावतो हे डॉक्टरांना दिसत होतं. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा पाठपुरावा केला. सोप्या भाषेत सांगायचं तर समोरची भिंत खिडकीपासून जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. भिंत 40 फूट, तर जागा 20 फूट. आता तुमच्या बाथरूमच्या खिडकीतून डोकावून बघा. सात मजल्यांची उंची आणि हातभर रुंदी! अशा पोकळीत हवा फारशी हलत नाही. खाली जे साचतं, ते साचूनच राहतं.

मग साफ करायचा का?

नुसती धूळ असेल, तर घाई नको. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1997 मध्ये तिथल्या नळ्यांविषयी हाच सल्ला दिला होता: नियमित सफाईने आजार टळतात हे सिद्ध झालेलं नाही, बुरशी, उंदीर-किडे किंवा हवा अडेल इतका कचरा दिसला तर साफ करा.

आपल्या डक्टसाठी मी चार कारणं मानतो: कबुतरांची विष्ठा आणि घरटी, गळक्या पाइपमुळे भिंतीवर आलेली बुरशी, उंदीर, आणि तळाला तुंबलेलं सांडपाणी.

यातलं पहिलं सर्वांत दुर्लक्षित. कबुतरं पाळणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या आजाराचं वर्णन अमेरिकेत 1965 मध्ये झालं. पिसं आणि विष्ठेतली प्रथिनं श्वासातून जातात आणि काही लोकांच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध पेटून उठते. सगळ्यांना हे होत नाही. म्हणूनच ‘आम्हाला कुठे काय झालं’ हा पुरावा ठरत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत फुप्फुसाच्या जाळीचे आजार असलेल्या 1,084 रुग्णांपैकी सुमारे 47 टक्क्यांना याच गटातला आजार होता. त्यामागे एकटी कबुतरं नव्हती. कूलर आणि बुरशीही होती. महिनोन्‌महिने कोरडा खोकला आणि जिना चढताना वाढत जाणारी धाप असेल, तर साध्या एक्स-रेवर समाधान मानू नका. डॉक्टरांना कबुतरांबद्दल आवर्जून सांगा.

साफ करताना

• सुकी विष्ठा झाडूने कधीच झाडू नका. आधी पाण्याने भिजवा, मग उचला. कोरडं झाडलं तर वर्षानुवर्षं साचलेलं सगळं एका दुपारी घराघरांत शिरतं.
• काम करणाऱ्यांना एन-95 मास्क, हातमोजे आणि गमबूट सोसायटीने द्यावेत. सर्वांत जास्त धोका त्यांना आहे.
• त्या दिवशी बाथरूमच्या खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखे बंद ठेवा. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णांनी दुसरीकडे जावं.
• गळका पाइप दुरुस्त करा, वर जाळी बसवा. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.
• सुवासिक जंतुनाशकाची फवारणी हा सफाईला पर्याय नाही.

आणि एक कळकळीची सूचना. कबुतरांना कंटाळून बाथरूमची खिडकी काच किंवा प्लायवूडने कायमची बंद करू नका, डक्टचं तोंडही पत्र्याने झाकू नका. गॅस गिझर असलेल्या बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. जाळी लावा, झाकण नको.

तेव्हा पुढच्या सभेत हात वर करण्याआधी टॉर्च घेऊन डक्टमध्ये नीट बघा. काय साचलंय आणि कुठून येतंय, हे कळलं की निर्णय अवघड नाही.