सोपारा : बंदराच्या गावी गेल्यावर काय पाहावे, काय करावे



दरवर्षी ६ डिसेंबरला आपल्या गंगाखेड भागातून किती तरी कुटुंबे लेकराबाळांसकट मुंबईला जातात. भाकरी-चटणी बांधून घ्यायची, परभणीला गाडी धरायची, दादरला उतरायचे, रांगेत उभे राहून चैत्यभूमीला वंदन करायचे. मग एखादा दिवस हाताशी उरतो. पोरं म्हणतात, समुद्र दाखवा. आपण त्यांना चौपाटी दाखवतो, गेटवे दाखवतो आणि परतीची गाडी धरतो. त्यात वाईट काही नाही. पण त्याच दादरहून विरार लोकलने गेलात तर नालासोपारा नावाचे स्टेशन लागते. त्या गावच्या मातीत आपला अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे आणि आपली माणसे तिकडे फारशी वळत नाहीत. म्हणून या स्मरणिकेत त्या गावाबद्दल लिहावेसे वाटले.

मी जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गाठी बांधणारा माणूस. इतिहास शिकलो तो वाचनालयात आणि आपल्या विहाराच्या ओट्यावर. तेव्हा पंडिती थाट सोडून सरळच सांगतो.

नाला आणि सोपारा ही मुळात दोन गावे. रेल्वेने ती एका नावात जोडली. सोपाऱ्याचे जुने नाव पालीत सुप्पारक, संस्कृतात शूर्पारक. कोकणपट्टीला तेव्हा अपरांत म्हणत आणि शूर्पारक हे अपरांताचे मोठे बंदर होते. खाडीतून गलबते थेट गावापर्यंत येत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक माणसाने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली, त्यात सोपाऱ्याचे नाव आहे. पुढे अरब प्रवाशांनीही त्याची नोंद केली.

तुम्ही म्हणाल, कोकणातल्या बंदराचा आपल्या गोदाकाठाशी काय संबंध? संबंध आहे, बघा. त्याच ग्रीक माणसाने पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नावे लिहिली आहेत. पैठण आपल्याच गोदावरीवर, वरच्या अंगाला. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड आणि तेरहून साधे कापड व तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई, असे तो सांगतो. आपल्या मुलखातला कापूस दोन हजार वर्षांपूर्वी सूत होऊन, कापड होऊन समुद्रापार जात होता. घाट उतरून कोकणच्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटा नाशिक आणि नाणेघाटावरून होत्या. आणि या वाटांवरच आपली लेणी कोरली गेली, हा योगायोग नव्हे. व्यापारी, कारागीर, भिक्खू एकाच वाटेने चालत होते. कार्ल्याच्या चैत्यातल्या एका खांबावर सोपाऱ्याहून आलेल्या भिक्खूचे दान कोरलेले आहे. कान्हेरीच्या लेखांत सोपाऱ्याच्या रहिवाशांची दाने आहेत. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने प्रवाशांसाठी विश्रामगृहे बांधली, विहिरी खोदल्या, असे तो लेख सांगतो आणि त्या गावांच्या यादीत सोपारा आहे. वाटसरूला पाणी आणि पथारीला जागा देणे हे पुण्य मानले जाई, एवढे तरी त्यातून कळते.

धम्म या बंदरात कसा आला? त्रिपिटकात पुण्ण नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो सूनापरांत देशचा. अट्ठकथा सांगते की तो सुप्पारक बंदराकडचा व्यापारी होता. श्रावस्तीला भगवंतांचा उपदेश ऐकून तो भिक्खू झाला आणि आपल्याच मुलखात परत जायला निघाला. भगवंतांनी विचारले की तिकडचे लोक तापट आहेत, शिव्या देतील, मग काय करशील? पुण्ण म्हणाला की हात उगारला नाही म्हणजे लोक चांगलेच, असे मी समजेन. हाताने मारले तर? मग ढेकळांनी मारले नाही एवढे बरे. असे करीत करीत प्रश्न काठीवर, शस्त्रावर आणि शेवटी जिवावर गेला, तरी पुण्णाच्या मनात द्वेष उगवला नाही. भगवंतांनी त्याला जायची अनुज्ञा दिली. त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात आणल्या, असे सुत्त सांगते. आपल्या गावात, आपल्याच माणसांत काम करणे सर्वांत अवघड असते. चळवळीत ज्याने उमेद घातली आहे त्याला हे सांगायला नको.

आता सोपाऱ्याच्या मुख्य ठेव्याकडे येतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी या गुजराती विद्वानाला सोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ एका शिळालेखाचा तुकडा मिळाला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग निघाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली तेच वर्ष. तुकड्यांवर मोजकीच अक्षरे उरली आहेत, पण हेच लेख गिरनारला आणि इतरत्र पूर्ण वाचता येतात. त्यामुळे मजकूर काय होता ते नक्की कळते.

आणि गंमत अशी की आठवा शिलालेख प्रवासाबद्दलच आहे! पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी जात. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रेत काय करायचे, तेही त्याने सांगितले : श्रमण-ब्राह्मणांची भेट घेऊन दान द्यायचे, वृद्धांना भेटून त्यांना मदत करायची, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचे, धम्म सांगायचा आणि धम्माबद्दल विचारपूस करायची. या यात्रेत आपल्याला जास्त आनंद मिळतो, असे तो म्हणतो. राजा असून त्याने खेड्यातल्या माणसाला विचारले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

नववा शिलालेख मंगलविधींचा. आजारपणात, लग्नात, बाळ जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. पण त्यांचे फळ थोडे, असे अशोक सांगतो. खरे मंगल कोणते? दास आणि नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणे, प्राण्यांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. मी रोजंदारीचे दिवस पाहिलेला माणूस आहे. बावीसशे वर्षांपूर्वी एका राजाने दगडावर लिहून ठेवले की राबणाऱ्याशी नीट वागणे हेच मंगल, हे वाचून छाती भरून येते. आपल्या घरी अजूनही प्रवासाला निघताना वार पाहिला जातो, कोणी शिंकले की पाय मागे घेतला जातो. त्यांनी नववा लेख एकदा वाचून घ्यावा.

त्याच १८८२ साली, एप्रिल महिन्यात, भगवानलालांनी गावातला एक मोठा टेंगूळ खणला. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. आत विटांचा स्तूप निघाला आणि त्याच्या मध्यात गोल दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ मूर्ती : सात बुद्धांच्या आणि आठवी मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याची तेरा बारीक खापरे. भगवंतांच्या भिक्षापात्राचे ते तुकडे असावेत, असे भगवानलालांनी मानले. सोबत सोन्याची फुले होती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही. सोने बाहेर आणि माती आत, हा क्रम आपल्या पोरांना नीट समजावून सांगा. भीक मागण्याच्या मातीच्या वाडग्यासाठी त्या काळच्या लोकांनी सोन्याचे करंडक घडवले.

काळाच्या ओघात खाडी गाळाने भरत गेली, गलबते दुसऱ्या बंदरांकडे वळली आणि सोपारा मागे पडले. आता भोवती इमारतींची दाटी आहे. नालासोपारा म्हटले की लोकलची गर्दी आणि स्वस्तातली खोली एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. ज्या गावात अशोकाचे अक्षर कोरले गेले त्याची ही ओळख. ती कोणी बदलायची? ज्यांचा वारसा आहे त्यांनीच.

म्हणून तिथे गेल्यावर काय करावे, ते सांगतो.

पहिले, नालासोपारा स्टेशनला पश्चिमेला उतरा आणि रिक्षावाल्याला बौद्ध स्तूप म्हणून सांगा. तिथे गेल्यावर शांतपणे बसा. लेकरांना पुण्णाची गोष्ट सांगा. स्तूप विटांचा आणि जुना आहे. त्यावर चढू नका, विटांवर मेणबत्त्या लावून मेण सांडू नका, आठवण म्हणून विटेचा तुकडा खिशात घालू नका. आपण जपले नाही तर दुसरा कोण जपणार?

दुसरे, गावातल्या जुन्या माणसांशी बोला. तळे कुठे, खाडी कुठवर येत होती, हे विचारा. हीच अशोकाची विचारपूस.

तिसरे, समुद्र पाहायचाच आहे ना? विरारहून अर्नाळ्याचा किनारा जवळ आहे. समोर पाण्यात अर्नाळ्याचा किल्ला दिसतो. सोपाऱ्याला येणाऱ्या गलबतांचा समुद्र तो हाच, असे पोरांना दाखवा. पण भरती-ओहोटी कोळी बांधवांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. आपण नदीकाठची माणसे, समुद्राचा अंदाज आपल्याला नसतो.

चौथे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आठव्या शिलालेखाचा तुकडा आहे. तो जरूर पाहा. स्तूपातल्या वस्तू एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत, त्या पाहायच्या तर आधी चौकशी करावी. आणखी एक दिवस असेल तर बोरिवलीची कान्हेरी लेणी करा.

पाचवे, परत आल्यावर पाहिले ते विहारात येऊन सांगा. रविवारच्या वंदनेनंतर एखाद्या मुलीने उभे राहून दहा मिनिटे सोपाऱ्याबद्दल सांगितले, तर ज्या म्हाताऱ्या मायमाउलीला प्रवास झेपत नाही तिचीही यात्रा होईल.

सुत्तनिपातात गोदावरीकाठच्या बावरीची कथा आहे. तो स्वतः वृद्ध होता, म्हणून त्याने आपल्या सोळा शिष्यांना प्रश्न देऊन भगवंतांकडे धाडले. ते पैठण, महिष्मती, उज्जैन अशा गावांवरून उत्तरेकडे चालत गेले. गोदाकाठचा माणूस प्रश्न घेऊन प्रवासाला निघतो, ही आपली फार जुनी रीत आहे. आपल्याकडे तर आता रेल्वे आहे. फक्त जाताना डब्याबरोबर एखादा प्रश्नही बांधून न्यावा.

जय भीम! नमो बुद्धाय!